होमोसिस्टीन वाढलंय, मेंदूसाठी फोलिक ॲसिड चालू ठेवू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. माझ्या आईला (वय ८१) तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेले काही महिने मलाही ओळखीच्या माणसांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत. मनात भीती बसली, म्हणून स्वतःहून रक्ताच्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन आणि साखर ठीक आहे, पण होमोसिस्टीन २३ आलं. वाचनात आलं, की होमोसिस्टीनने मेंदू आतून गंजतो आणि फोलिक ॲसिड घेतलं की हे गंजणं थांबतं. घरात मुलीच्या गरोदरपणातल्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या शिल्लक होत्या. सहा दिवसांपासून रोज एक मी घेते आणि एक आईला देते. हे बरोबर आहे ना? आईची स्मृती थोडी तरी परत येईल का? मला दुसरा काही आजार नाही. दहा वर्षांपासून ॲसिडिटीची गोळी मात्र रोज घेते. हल्ली रात्री तळपायांना मुंग्या येतात, पण ते वयामुळे असेल.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तळपायांच्या मुंग्या वयामुळे असतील असं धरून चालू नका. दहा वर्षं रोज ॲसिडिटीची गोळी, तळपायांना मुंग्या, नावं न आठवणं आणि होमोसिस्टीन २३, हे सगळं एकत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिली शंका आली ती बी-१२ च्या कमतरतेची. फोलिक ॲसिडचा विचार त्यानंतरचा.

म्हणून आधी एवढं करा. फोलिक ॲसिडच्या गोळ्यांची ती पट्टी तूर्त बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात बी-१२ आणि फोलेट (अन्नातलं बी गटातलं जीवनसत्त्व, फोलिक ॲसिड हे त्याचं गोळीतलं रूप) या दोन्हींसाठी रक्त द्या. सहा दिवस गोळी घेतली म्हणून काही बिघडलेलं नाही, धास्ती घेऊ नका. तीच गोळी वर्षभर अशीच चालू राहिली असती तर मात्र मला तुमची खरोखर काळजी वाटली असती. त्याचं कारण पुढे सांगते. त्याआधी तुम्ही जे वाचलंत त्याबद्दल बोलू, कारण त्यात तथ्य आहे. फक्त ते अर्धं सांगितलं गेलं आहे.

होमोसिस्टीन हे बाहेरून शरीरात शिरलेलं विष नाही. अन्नातल्या प्रथिनांतून आपल्याला मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. शरीर त्याचा एक मोठा उपयोग 'मिथाइल' नावाचा एक चिमुकला रासायनिक गट वाटण्यासाठी करतं. डीएनएवर खुणा करायला, चेतातंतूंचं आवरण शाबूत ठेवायला, मेंदूतली काही निरोप्या रसायनं घडवायला हा गट लागतो. तो देऊन झाला की मागे उरतं ते होमोसिस्टीन. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आत्ता, या क्षणीही ते तयार होतंय. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यू यांनी १९३२ मध्ये ते प्रथम ओळखलं. गंधकयुक्त संयुगांवरच्या कामासाठी त्यांना १९५५ चं नोबेल मिळालं. होमोसिस्टीन तयार होण्यात काहीच गैर नाही. ते वेळच्या वेळी मार्गी लागलं नाही की त्रास सुरू होतो.

मार्गी लागायच्या वाटा तीन. पहिल्या वाटेवर फोलेट नवा मिथाइल गट घेऊन येतं, बी-१२ तो हातात घेऊन होमोसिस्टीनला देतं आणि त्याचं पुन्हा मेथिओनिन होतं. दुसऱ्या वाटेवर बी-६ च्या मदतीने त्याचं सिस्टीन होतं. सिस्टीनपासून पुढे ग्लुटाथायोन बनतं, म्हणजे पेशीचं स्वतःचं, घरचं अँटिऑक्सिडंट. तिसरी वाट मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात चालते. तिथे बीटेन नावाचं संयुग हे काम करतं आणि फोलेटची गरज पडत नाही.

आता मेंदूची अडचण पाहा. तिसरी वाट मेंदूत जवळजवळ नाहीच आणि दुसरी फार अरुंद आहे. यकृताला फोलेट कमी पडलं तर त्याच्याकडे दुसरा उपाय असतो. मेंदूचा सगळा भार पहिल्या वाटेवर, फोलेट आणि बी-१२ च्या जोडीवर आहे. शरीरालाही हे ठाऊक असावं असं वाटण्याजोगी एक सोय आहे. मेंदूच्या पोकळ्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाची एक नाजूक जाळी असते. ती रक्तातलं फोलेट वेचून मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडत असते, इतकं की तिथलं फोलेट रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त राहतं. मेंदूला फोलेट किती लागतं हे मला रुग्णांना समजवायचं असतं, तेव्हा मी याच जाळीचं उदाहरण देते.

आता गंजण्याबद्दल. होमोसिस्टीनच्या रेणूला गंधकाचं एक उघडं टोक असतं. तांबं किंवा लोह जवळ असलं की अशी दोन टोकं एकमेकांना जुळतात, आणि त्या जुळणीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सुपरऑक्साइड सुटतं. हे दोन्ही पदार्थ पेशीतल्या चरबीची, प्रथिनांची, डीएनएची नासधूस करतात. 'मेंदू गंजतो' ही भाषा इथूनच आली असावी. पण एवढ्यावर थांबलं तर हिशेब जुळत नाही. सिस्टीनलाही गंधकाचं तसंच टोक असतं आणि ते रक्तात होमोसिस्टीनच्या कितीतरी पट जास्त असतं, तरी त्याच्याकडून असा उपद्रव होत नाही. म्हणजे होमोसिस्टीनचा त्रास मुख्यतः दुसऱ्या मार्गांनी होत असला पाहिजे, आणि ते मार्ग आता बऱ्यापैकी माहीत झाले आहेत.

एक मार्ग असा, की होमोसिस्टीन ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमची निर्मिती कमी करतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं साधं पाणी करून टाकणं हे या एन्झाइमचं काम. म्हणजे आग लावणाऱ्यापेक्षा विझवणाऱ्याचा हात धरून ठेवण्याचा हा प्रकार. दुसरा मार्ग रक्तवाहिन्यांचा. त्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड पाझरतं आणि त्यामुळे वाहिन्या सैल राहतात. होमोसिस्टीन वाढलं की ते कमी पडतं आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्यांना त्याची झळ बसते.

तिसरा मार्ग खास मेंदूतला. चेतापेशींवर एनएमडीए नावाचे दरवाजे असतात. शिकणं आणि आठवणी साठवणं यासाठी ते मोजून-मापून उघडावे लागतात आणि त्यांची किल्ली म्हणजे ग्लुटामेट हे निरोप्या रसायन. होमोसिस्टीन त्याच कुलपाला लागतं. मेंदूशास्त्रज्ञ स्टुअर्ट लिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे पेशींवर दाखवलं. अर्धांगवायूचा झटका येतो किंवा डोक्याला मार बसतो, तेव्हा मेंदूतली रासायनिक स्थिती बदललेली असते आणि होमोसिस्टीन थोडं असलं तरी पेशींना घातक ठरू शकतं, असं त्यात दिसलं. दरवाजा उघडा राहिला की कॅल्शियम आत लोटतं आणि पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया बेजार होतात. तिथूनच फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशीची नासधूस करणाऱ्या अस्थिर रेणूंचा, लोंढा सुरू होतो.

हा लोंढा मेंदूला जास्त भोवतो, कारण मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असूनही ऑक्सिजन मात्र सुमारे २० टक्के वापरतो. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणात लवकर ऑक्सिडाइझ होणारी चरबी भरपूर आहे आणि बचावाची एन्झाइमं इतर काही अवयवांच्या मानाने कमी.

यात फोलेट नेमकं काय करतं? काचनळीत फोलिक ॲसिड स्वतः फ्री रॅडिकल्स पकडतं, हे दाखवलं गेलं आहे. उंदरांना होमोसिस्टीन टोचायच्या आधी फोलिक ॲसिड दिलं, तर मेंदूतल्या चरबीचं ऑक्सिडीकरण कमी होतं आणि बचावाची एन्झाइमं टिकून राहतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे. तरीही माझ्या मते फोलेटचं मोठं काम फ्री रॅडिकल्स पकडत बसण्याचं नाही. होमोसिस्टीन साचूच न देणं हे त्याचं पहिलं मोठं काम. दुसरं काम डीएनएच्या दुरुस्तीचं आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. डीएनएत लागणारं थायमिन हे अक्षर बनवायला फोलेट लागतं. ते कमी पडलं की पेशी त्या जागी युरॅसिल हे चुकीचं अक्षर बसवते, मग चूक लक्षात आल्यावर तो तुकडा कापते, आणि भरायला पुन्हा थायमिन नसतंच. असं वारंवार झालं की धागा तुटतो. ऑक्सिडेशनने डीएनएला रोज इजा होतच असते. फोलेट कमी असलेल्या चेतापेशीला ती इजा भरून काढता येत नाही.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. अल्झायमरसारखं ॲमिलॉइड हे प्रथिन मेंदूत साचावं अशी जनुकीय रचना असलेल्या उंदरांच्या आहारातलं फोलेट तोडलं आणि होमोसिस्टीन वाढवलं. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, पेशींच्या डीएनएला इजा झाली आणि पेशी मेल्या. त्याच आहारावर ठेवलेल्या साध्या उंदरांच्या पेशी मात्र टिकल्या. मला यातून एवढं दिसतं, की मेंदूवर आधीच दुसरा ताण असेल तेव्हा फोलेटची उणीव जास्त महाग पडते.

हे झालं उंदरांचं आणि पेशींचं. माणसांत काय होतं, ते तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. स्मृतिभ्रंश नसलेल्या १,०९२ वृद्धांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांचं होमोसिस्टीन १४ च्या वर होतं त्यांच्यात अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट निघाला. हे वाचून कुणालाही वाटेल, की मग होमोसिस्टीन उतरवा आणि अल्झायमर टाळा. मलाही त्या वर्षांत तसंच वाटत होतं, आणि मी बऱ्याच जणांना मोठ्या आशेने गोळ्या लिहून दिल्या. पुढे प्रत्यक्ष चाचण्या झाल्या तेव्हा चित्र इतकं सरळ राहिलं नाही.

नेदरलँड्समध्ये ५० ते ७० वयाच्या ८१८ जणांना तीन वर्षं रोज ८०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. सगळ्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं. ज्यांचं बी-१२ कमी होतं त्यांना आधीच वगळलं होतं. २००७ मध्ये निकाल आला. फोलिक ॲसिड घेणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि माहिती हाताळण्याचा वेग दुसऱ्या गटापेक्षा चांगला राहिला. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या २७६ वृद्धांचा निकाल आला होता. दोन वर्षं फोलिक ॲसिड, बी-१२ आणि बी-६ दिलं, होमोसिस्टीन उतरलं, पण बुद्धीच्या कसोट्यांत फरक पडला नाही.

मग २०१० मध्ये ऑक्सफर्डची चाचणी आली. सत्तरीपुढच्या, विसरभोळेपणा वाढलेल्या पण स्मृतिभ्रंश न झालेल्या लोकांना दोन वर्षं ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड, ०.५ मिलिग्रॅम बी-१२ आणि २० मिलिग्रॅम बी-६ दिलं आणि १६८ जणांच्या मेंदूचं एमआरआयवर सुरुवातीला आणि शेवटी मोजमाप केलं. बिनऔषधाच्या गटात मेंदू वर्षाला १.०८ टक्क्यांनी आकसला, जीवनसत्त्वांच्या गटात ०.७६ टक्क्यांनी. ज्यांचं होमोसिस्टीन मुळात १३ च्या वर होतं त्यांच्यात आकसण्याचा वेग ५३ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांचं होमोसिस्टीन आधीच कमी होतं त्यांना जवळपास काहीच फायदा नाही.

२०१५ मध्ये चीनमधला मोठा निकाल आला. रक्तदाब असलेल्या २०,७०२ लोकांपैकी निम्म्यांना रक्तदाबाच्या गोळीसोबत ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं आणि त्यांच्यात अर्धांगवायूचा पहिला झटका २१ टक्क्यांनी कमी आढळला. हा फायदा ठळकपणे दिसला तो मुळात फोलेट कमी असलेल्यांत.

हे सगळं एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं आहे. जिथे फोलेटची उणीव आहे तिथे ते वेळेत भरून काढलं तर मेंदूचं रक्षण होतं. जिथे उणीव नाही तिथे वरून ओतलेलं फोलिक ॲसिड मेंदूला आणखी काही देत नाही. आणि जिथे बी-१२ ची उणीव आहे तिथे नुसतं फोलिक ॲसिड नुकसान करू शकतं.

आता आपण तुमच्या तळपायांकडे येतो.

मघाशी सांगितलं, की पहिल्या वाटेवर फोलेट मिथाइल आणतं आणि बी-१२ तो पुढे देतं. बी-१२ नसेल तर फोलेट मिथाइल हातात घेऊन तिथेच अडकून बसतं. रक्तात फोलेट भरपूर दिसतं, पण पेशीला त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी बाहेरून फोलिक ॲसिड दिलं की ते आडवाटेने रक्तपेशी बनवणाऱ्या, हाडांतल्या अस्थिमज्जेपर्यंत पोचतं. हिमोग्लोबिन सुधारतं, रक्तपेशींचा आकार नीट होतो, रिपोर्ट छान दिसतो. पण चेतातंतूंना जे बी-१२ हवं असतं ते मिळालेलंच नसतं. आत मज्जारज्जूचं नुकसान चालू राहतं आणि धोक्याची घंटा तेवढी बंद होते.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे चालताना तोल जातो म्हणून आले. हिमोग्लोबिन उत्तम. दुसरीकडे कुठेतरी त्यांना दीड वर्षापूर्वी फोलिक ॲसिड सुरू केलं होतं, बी-१२ कुणी पाहिलंच नव्हतं. मी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटल्यावर थरथरणारा धातूचा काटा, टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. काटा घुमत होता, मला तो ऐकूही येत होता. विचारलं, "थरथर जाणवतेय?" ते म्हणाले, "नाही, नुसतं गार लागतंय." घोट्यावर ठेवला, नाही. गुडघ्यावर ठेवला तेव्हा म्हणाले, "हो, आता कळतंय." बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. काही महिन्यांत ते काठीशिवाय चालायला लागले, पण बोटांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. आणखी वर्षभर आधी आले असते तर तोही गेला असता, असं मला अजून वाटतं.

म्हणून तुमचं हिमोग्लोबिन ठीक आहे या गोष्टीवर विसंबू नका. तुमच्या ॲसिडिटीच्या गोळीचा संबंध इथे येतो. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. वर्षानुवर्षं आम्ल दाबून ठेवलं की बी-१२ हळूहळू कमी होऊ शकतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही असंच होतं. तुमची ॲसिडिटीची गोळी एकदम बंद करू नका, कारण आम्ल उसळून वर येतं आणि त्रास होतो. ती अजून लागते का, कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बी-१२ चा आकडा काठावर आला तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी करून घ्या. होमोसिस्टीन फोलेटच्या उणिवेनेही वाढतं आणि बी-१२ च्याही, पण मिथाइलमॅलोनिक ॲसिड फोलेट कमी असल्याने वाढत नाही. त्यामुळे कुठलं कमी आहे हे त्यावरून कळतं. मात्र मूत्रपिंड मंदावलं असेल तर तोही आकडा वर जातो, म्हणून सोबत क्रिएटिनिन पाहावं लागतं. थायरॉइडही पाहून घ्या, ते मंद असलं तरी होमोसिस्टीन वाढतं.

२३ या आकड्याबद्दलही एक सांगते. साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर हे नेहमीचं प्रमाण आणि १५ ते ३० ही सौम्य वाढ. पण रक्त नळीत काढून तसंच ठेवलं तर लाल पेशींतून होमोसिस्टीन बाहेर पाझरत राहतं आणि आकडा दर तासाला साधारण १० टक्क्यांनी चढत जातो. नळी दोन-तीन तास तशीच पडून राहिली असेल तर तुमचा खरा आकडा १७ ते १९ च्या आसपासही असू शकेल. पुन्हा तपासाल तेव्हा उपाशीपोटी जा आणि नमुना लगेच बर्फात ठेवणार का किंवा लगेच फिरवून वेगळा करणार का, हे लॅबमध्ये स्पष्ट विचारा. विचारायला संकोच करू नका.

कुणी जनुकीय तपासणी सुचवली तर थांबा. एमटीएचएफआर नावाच्या जनुकातला एक बदल १९९५ मध्ये सापडला आणि तो पुष्कळ लोकांत असतो. दोन्ही प्रती तशा असतील आणि फोलेट कमी असेल तर होमोसिस्टीन वाढतं. पण उपाय त्यानेही बदलत नाही, फोलेट पुरेसं ठेवणं हाच राहतो. त्या पैशांत बी-१२ आणि थायरॉइड तपासून होईल.

आता ५ मिलिग्रॅमबद्दल. एवढी ताकद काही ठरावीक कारणांसाठी असते. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मदोष असेल तर पुढच्या गरोदरपणात, संधिवातासारख्या आजारांवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तेव्हा, वगैरे. होमोसिस्टीन उतरवायला इतकं लागत नाही. बऱ्याच चाचण्यांचे निकाल एकत्र केल्यावर दिसलं, की फोलिक ॲसिडने होमोसिस्टीन साधारण पाव हिश्शाने उतरतं, आणि त्यातला जवळजवळ सगळा परिणाम रोजच्या ०.८ मिलिग्रॅममध्येच मिळतो. ०.४ मिलिग्रॅममध्येही त्यातला ९० टक्के मिळतो. शिवाय गोळीतलं फोलिक ॲसिड शरीराला आधी रूप बदलून घ्यावं लागतं, आणि हे काम करणाऱ्या एन्झाइमचा वेग माणसात कमी आहे. जास्त घेतलं की न बदललेलं फोलिक ॲसिड रक्तात फिरत राहतं. डॉक्टरांनी खास कारणासाठी लिहून दिलं नसेल तर प्रौढांनी दिवसाला १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, ही मर्यादा बी-१२ ची उणीव झाकली जाण्याच्या भीतीनेच घातली आहे.

बी-१२ कमी निघालं तर आधी ते भरायचं, फोलिक ॲसिड लागलंच तर त्याच्या सोबत किंवा नंतर. बी-१२ ठीक आणि फोलेट कमी निघालं तर ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम पुरे. दोन्ही ठीक निघाली आणि होमोसिस्टीन तरीही वरच असलं, तर मूत्रपिंड, थायरॉइड, धूम्रपान, मद्य, चालू औषधं यांत कारण शोधायला हवं. आहारात पालेभाज्या आणि कडधान्यं असू द्या. मात्र फोलेट उष्णतेने जातं आणि पाण्यात उतरतं, तेव्हा भाजी फार वेळ शिजवू नका आणि उकळलेलं पाणी फेकू नका. उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी होमोसिस्टीन पुन्हा पाहा, त्याआधी घाई करण्यात अर्थ नाही.

नावं न आठवण्याची भीती मी समजू शकते. आईला रोज पाहणाऱ्या मुलीला प्रत्येक विसरणं आईच्या वाटेवरचं पाऊल वाटतं. चोपन्नाव्या वर्षी ओळखीचं नाव जिभेवर अडकणं आणि थोड्या वेळाने आठवणं हे बहुतेक वेळा अल्झायमर नसतं. अपुरी झोप, सततची काळजी, थायरॉइड, बी-१२ यांच्यामुळे ते होतं आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे.

आईबद्दल तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर मला मन घट्ट करून द्यावं लागतंय. अल्झायमर झालेल्यांना मोठ्या प्रमाणात ही जीवनसत्त्वं देऊन पाहिली आहेत. २००८ मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या ४०९ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. १८ महिने रोज ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड, म्हणजे तुम्ही आईला देताय तितकंच, आणि सोबत बी-१२ आणि बी-६. होमोसिस्टीन उतरलं, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. उलट त्या गटात नैराश्याच्या तक्रारी जास्त निघाल्या. गेलेल्या पेशी फोलिक ॲसिडने परत येत नाहीत. तेव्हा आईच्या आठवणी या गोळीने परत येतील ही आशा धरू नका, आणि आधीच सुरू केली असती तर, असं स्वतःला बोलही लावू नका.

आईची गोळीही थांबवा, पण तिच्या तपासण्या सोडू नका. या वयात बऱ्याच जणांचं जठरातलं आम्ल कमी झालेलं असतं, त्यामुळे बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं. अल्झायमरच्या जोडीला बी-१२ ची किंवा थायरॉइडची उणीव असेल तर ती भरल्याने थकवा, चालण्यातला अस्थिरपणा, थोडा गोंधळ यांत फरक पडू शकतो आणि तुमचा सांभाळही थोडा हलका होतो. तिला फिट्सचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण फोलिक ॲसिडमुळे फेनिटॉइनसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण उतरतं आणि फिट येऊ शकते. हे सहा दिवस ते चालू होतं का, हे आजच पाहून घ्या. चालू असेल तर तपासण्यांची वाट न बघता आजच फोन करून त्यांना कळवा.

डॉक्टरांकडे जाताना तुमच्या आणि आईच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, मुलीची ही उरलेली पट्टीसुद्धा. आणि खुर्चीवर बसल्या बसल्या तळपायांच्या मुंग्यांचं सगळ्यात आधी सांगा.